आग्वादचा जुना दीपस्तंभ

आग्वाद किल्ल्यातला तो चार मजली गोल, पांढरा दीपस्तंभ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, फोटो काढायचे आणि खाली उतरायचं. आज त्याचा थोडा हिशोब मांडतो.

किल्ला 1612 चा. मांडवीच्या मुखावरची राखण आणि जहाजांना गोडं पाणी, ही त्याची दोन कामं. ‘आग्वा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पाणी, नाव त्यावरूनच. वरच्या टाक्यात 23 लाख 76 हजार गॅलन पाणी मावत असे. त्या टाक्याजवळ 1864 मध्ये हा दीपस्तंभ उभा राहिला. जुने गोवे इथल्या पडक्या ऑगस्टीन चर्चची मोठी घंटाही काही काळ आग्वादला होती. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चवर चढवली. पायऱ्यांच्या वर दिसते ती हीच.

1976 मध्ये जवळच्या नव्या दीपस्तंभाने काम हाती घेतलं आणि जुना निवृत्त झाला. एकूण सेवा 112 वर्षं. त्यातली 97 पोर्तुगीजांच्या अमलाखाली, उरलेली 15 मुक्त गोव्यात.

आता खरा मुद्दा. ‘पोर्तुगीजांची निशाणी, तिचं कौतुक कशाला?’ असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांचा राग मला समजतो. याच किल्ल्याच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून तुरुंग होता. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आधी इथे डांबलं, मग पोर्तुगालला पाठवलं. 1946 मध्ये डॉ. लोहियांनाही इथेच ठेवलं होतं. वर जहाजांना वाट दाखवणारा दिवा आणि खाली अंधारकोठड्या, दोन्ही एकाच सरकारच्या.

पण दिव्याने कधी झेंडा पाहून उजेड दिला नाही. सरकारी जहाज असो की रात्री परतणारी आपल्या मच्छीमारांची होडी, दोघांना तोच उजेड. म्हणून 1961 नंतर तो कुणी विझवला नाही, आणखी 15 वर्षं तोच वापरला. राज्यकर्ते गेले, उपयोगाची वस्तू आपली झाली.

तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे. पुढच्या वेळी नातवंडांना वर दीपस्तंभ दाखवलात की खाली त्या कोठड्याही दाखवा. नुसता दिवा पाहिला तर इतिहास गोड वाटतो, नुसत्या कोठड्या पाहिल्या तर कडू. पोरांना दोन्ही ठाऊक असायला हवं.