अमानाच्या सामूहिक चुली



मागच्या महिन्यात आमच्या गटाने मसाल्याचा हिशोब मांडला. मिरची, धणे, डंकाची कुटणावळ, पिशव्या, सगळं वहीत होतं. आमच्या हातांचे तास मात्र कुठेच नव्हते. तेव्हा आम्हाला अमानाची गोष्ट आठवली. तीच आज सांगतो.

अमाना म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली सात गावं. ती वसवली जर्मनीहून आलेल्या एका पंथाच्या लोकांनी. शपथ घ्यायची नाही, मुलांना सरकारी चर्चच्या शाळेत घालायचं नाही, अशा मतांमुळे तिकडे त्यांना फार त्रास झाला. १८४२ पासून ते समुद्र ओलांडू लागले. आधी बफेलो शहराजवळ राहिले, मग १८५५ मध्ये आयोवात आले. जमीन, गिरण्या, घरं सगळ्यांची मिळून. पगार कुणालाच नाही; गावच्या दुकानातून वर्षाला ठरावीक रकमेचा माल घ्यायचा.

तिथल्या घरांत चूलच नव्हती! सात गावांत मिळून पन्नासहून जास्त सामूहिक स्वयंपाकघरं होती. एकेका ठिकाणी तीस-चाळीस माणसं जेवत. कारभार एका मुख्य बाईच्या हाती असे. चौदाव्या वर्षी शाळा संपली की मुली तिच्या हाताखाली कामाला लागत. दिवसाला तीन जेवणं आणि मधे दोनदा खाणं. शिवाय शेजारचा मोठा भाजीचा मळा बायकांनीच पिकवायचा, हिवाळ्यासाठी कोबी मिठात मुरवून ठेवायचा. म्हातारी, विधवा, आजारी, कुणीही उपाशी राहत नसे. ही गोष्ट लहान नाही.

पण गावांचा कारभार तेरा पुरुषांच्या मंडळाकडे होता. बार्बरा हाइनेमान ही एकेकाळची मोलकरीण. देवाचा संदेश सांगणारी म्हणून सगळा पंथ तिला मानत असे. १८८३ मध्ये ती वारली. एका बाईला एवढा मान होता, तरी मंडळात बाई नव्हती.

१९२३ मध्ये गिरण्यांना आग लागली. पुढे मंदी आली, तरुण बाहेर जाऊ लागले. अखेर १९३२ मध्ये सभासदांनी मतदान करून जुनी पद्धत मोडली. शेती आणि गिरण्यांची कंपनी झाली, कामाला पगार मिळू लागला, प्रत्येक सज्ञान सभासदाला मताचा एक समभाग मिळाला.

सामूहिक स्वयंपाकघरं मात्र बंद पडली आणि चूल घरोघरी गेली. शेतातल्या कामाला पगार आला, पण घरच्या चुलीला कुठला पगार? मदतीला चार जणी होत्या, त्याही गेल्या. आज मिडल अमाना गावात त्यातलं एक स्वयंपाकघर संग्रहालय म्हणून जपलं आहे.

मैत्रिणींनो, मिळून काम केलं की ओझं हलकं होतं, हे खरं. पण ज्या कामाची नोंद नाही, ते हिशोबाच्या वेळी कुणालाच दिसत नाही. आम्ही वहीत आता एक नवा रकाना आखला आहे : 'तास'. पहिल्याच आठवड्याची बेरीज पाहून आम्हीच गप्प झालो. मसाल्याचा भाव पुढच्या बैठकीत नव्याने ठरवणार आहोत.

तुमच्या वहीतही हा रकाना आखून बघा.