श्वास देणारे हात

लहान मुलाला धाप लागली की घरची माणसे रात्री-अपरात्री त्याला घेऊन इस्पितळ गाठतात. तेथे श्वास थांबू लागलाच, तर डॉक्टर प्रथम एक साधी पिशवी हाती घेतात. त्या पिशवीची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ भडकली. श्वासाचे स्नायूच लुळे पडत. ब्लेगडॅम इस्पितळात ‘लोखंडी फुप्फुस’ हे यंत्र एकच होते. पहिल्या तीन आठवड्यांत ३१ गंभीर रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा प्रमुख डॉक्टर लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविली गेली. पिशवी दाबून इब्सेननी तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली!

पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून अहोरात्र पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९५३ साली इब्सेननी त्याच शहरात अतिदक्षता विभाग उभारला.

यात नवा शोध कोणता? कोणताच नाही. ती पिशवी शस्त्रक्रियागृहात रोज वापरात होती. पोलिओच्या खाटेपर्यंत तिला कोणी आणले नव्हते, इतकेच. आपल्या गावच्या इस्पितळातही पिशवी कपाटात असेल. रात्री दोन वाजता ती दाबणारा शिकलेला हात जागा आहे काय, हे विचारणे आपणां नागरिकांचे काम आहे.