सुरक्षित अवस्थेची पूर्वपीठिका

हातातला स्मार्टफोन वा टॅबलेट वारंवार अडखळू लागला म्हणजे जाणकार मनुष्य ‘सेफ मोड’ची जी तजवीज सुचवितो, तिची वंशावळ टेबलावरच्या संगणकाच्या दप्तरात सापडते. १९९१ साली आलेल्या ॲपलच्या ‘सिस्टीम ७’मध्ये, यंत्र सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली असता, मूळ प्रणालीला मागाहून जोडलेल्या पुरवण्यांना त्या खेपेपुरता मज्जाव होत असे, आणि १९९५च्या ऑगस्टात अवतरलेल्या ‘विंडोज ९५’ने ‘सेफ मोड’ हे नाव घरोघरी पोहोचविले. एफ-८ची कळ, सोळा रंगांचे दरिद्री चित्र, आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांत तीच अक्षरे, जणू जप्तीच्या वाड्यावर डकविलेल्या नोटिसाच!

अँड्रॉइडने हा शिरस्ता पुढे चालविला. २०१२च्या ‘जेली बीन’पासून अनेक फोनांत ‘पॉवर ऑफ’ या शब्दांवर बोट दाबून ठेवले की यंत्र केवळ मुळात बसविलेल्या ॲप्सनिशी उठते, व मालकाने मागाहून उतरविलेली ॲप्स बिऱ्हाड न सोडता मुकी होतात. दोष तेवढ्यात नाहीसा झाला तर अपराधी त्यांच्यातच आहे असे समजून अलीकडची ॲप्स एकेक करून काढावीत. कायम राहिला तर संशय प्रणालीवर वा यंत्राच्या देहावर जातो. कोणाला हद्दपार करण्यापूर्वी चौकशी करणारी ही रीत, सर्वस्व पुसून टाकणाऱ्या ‘फॅक्टरी रीसेट’च्या उतावीळ हुकमापेक्षा मला कितीतरी न्यायाची वाटते. आयफोनच्या मालकासाठी ॲपलने असा दरवाजा ठेवलेला नाही. अँड्रॉइडच्या पडद्याच्या कोपऱ्यात या अवस्थेत उमटणारी ‘सेफ मोड’ ही अक्षरे मात्र फोन पुन्हा सुरू केला की बहुधा आपोआप जातात.