‘विक्रांत’ : अपूर्ण सांगाड्यातून साकारलेली युद्धनौका

भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘आयएनएस विक्रांत’ ही मुळात ब्रिटिश नौदलाने अर्धवट सोडलेली ‘एचएमएस हर्क्युलस’ होय. दुसऱ्या महायुद्धात आखलेल्या ‘मॅजेस्टिक’ वर्गातील सहा नौकांपैकी ही एक. या नौका युद्धकाळाची तातडीची गरज म्हणून कमी खर्चात, व्यापारी जहाजांच्या निकषांवर बांधल्या जात होत्या. त्या दीर्घकाळ सेवेत राहाव्यात, अशी अपेक्षाच नव्हती.

‘हर्क्युलस’ची बांधणी 1943 मध्ये इंग्लंडमधील टाईन नदीकाठी सुरू झाली. 22 सप्टेंबर 1945 रोजी तिचे जलावतरण झाले. तोवर युद्ध संपले होते. 1946 मध्ये काम थांबले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश बांधणी पूर्ण झाली होती. याच वर्गातील ‘लेव्हायथन’ कधीच पूर्ण झाली नाही. 1968 मध्ये ती भंगारात गेली.

‘हर्क्युलस’चे भाग्य मात्र निराळे होते. भारताने 1957 मध्ये ती विकत घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वूल्फ गोदीत उर्वरित काम झाले. मूळ आराखड्यात बदल करून जेट विमानांसाठी तिरकी उड्डाणपट्टी आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट बसविण्यात आला. 4 मार्च 1961 रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली.

नौकेची लांबी सुमारे 213 मीटर, तर पूर्ण भारासह विस्थापन सुमारे 19,500 टन होते. वाफेच्या टर्बाइनांची शक्ती 40,000 अश्वशक्ती आणि कमाल वेग सुमारे 25 नॉट होता. ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ ही तिच्यावरील प्रारंभीची विमाने.

1971 च्या युद्धात एक बॉयलर नादुरुस्त असल्याने तिच्या वेगावर मर्यादा आली होती. तरीही तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे हल्ले चढवून पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी आवळली.

31 जानेवारी 1997 रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. पुढे ती मुंबईत तरंगते संग्रहालय बनली. परंतु जीर्ण झाल्याने 2012 मध्ये ते बंद करावे लागले. तिला वाचविण्यासाठीचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, पण अपयशी ठरला. 2014 मध्ये मुंबईतच ती तोडण्यास प्रारंभ झाला. अल्पायुषी ठरविल्या गेलेल्या या नौकेने भारताची जवळपास 36 वर्षे सेवा केली. तिचेच नाव धारण करणारी, भारतातच बांधलेली नवी ‘विक्रांत’ 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली.