नकाशाचे देऊळ

शाळेच्या भिंतीवर टांगलेला देशाचा नकाशा ही आधुनिक जीवनातील अतिपरिचित वस्तू आहे. या अतिपरिचयामुळेच तिच्याकडे चिन्ह म्हणून कोणी पाहत नाही. नकाशा म्हणजे भूमीचे यथातथ्य चित्र, अशी समजूत मनात रुजलेली असते. नित्याच्या साध्या वस्तूंतून समाजाची मिथके कशी वावरतात आणि इतिहासाने घडविलेली गोष्ट निसर्गसिद्ध कशी भासू लागते, याचे विवेचन रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली फ्रेंच समाजाच्या संदर्भात केले. त्यापूर्वी दोन दशके वाराणसीत मात्र एक नकाशाच गाभाऱ्यात प्रतिष्ठित झालेला होता.

काशी विद्यापीठाच्या परिसरातील भारतमाता मंदिराचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते २५ ऑक्टोबर १९३६ रोजी झाले. ते उभारणारे शिवप्रसाद गुप्त हे काशीतील संपन्न घराण्यातले, ‘आज’ दैनिकाचे आणि १९२१ साली स्थापन झालेल्या काशी विद्यापीठाचे संस्थापक. या मंदिरात देवतेची मूर्ती नाही. जमिनीवर अखंड भारताचा, भोवतालच्या प्रदेशांसह कोरलेला संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. दर्शनार्थी मान वर करून देवतेचे मुख पाहत नाही. तो खाली वाकून पर्वत, नद्या आणि समुद्र पाहतो.

या कल्पनेचा उगम महाराष्ट्रात आहे. १९१३ सालच्या कराची काँग्रेसहून परतताना गुप्त पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्वे यांच्या विधवाश्रमात त्यांनी जमिनीवर केलेला मातीचा नकाशा पाहिला. त्यावरून त्यांना संगमरवरी नकाशाची प्रेरणा झाली. १८९६ साली स्थापन झालेल्या त्या आश्रमात, रूढीने अशुभ ठरविलेल्या स्त्रिया विद्या शिकत होत्या. तेथील नकाशा माती सोडून संगमरवरात आला, आश्रम सोडून मंदिरात आला आणि त्याला ‘माता’ हे नाव मिळाले. आकार तोच, परंतु स्थान व नाव बदलताच पाहणाराही बदलला. जिज्ञासूचा भक्त झाला.

या आकारालाही त्याचा इतिहास आहे. १८०२ साली मद्रासजवळ आरंभ झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने भारतीय भूमी मोजली, ती कंपनी सरकारच्या राज्यकारभारासाठी. महसूल, लष्कर आणि सरहद्द यांच्या गरजेतून सिद्ध झालेली ही रेषा राष्ट्रीय चळवळीने आपलीशी केली. सत्ताधाऱ्याचे साधन शासितांचे दैवत झाले, हा त्या काळातील एक विलक्षण अर्थपालट होय. शिवाय यथातथ्य भासणाऱ्या या शिल्पातही भावनेला वाव आहे. आडवे प्रमाण एका इंचास ६.४ मैल, तर उभे प्रमाण एका इंचास २,००० फूट असे आहे. म्हणजे उंची सुमारे सतरा पटींनी वाढविली आहे. एकच प्रमाण राखले असते, तर सर्वोच्च शिखर एक इंचही वर आले नसते. उठावाच्या नकाशांत अशी वाढ करावीच लागते, हे खरे. परंतु मंदिरात आल्यावर ती तांत्रिक सोय राहत नाही. हिमालय मुकुटासारखा दिसावा, ही अपेक्षा तिच्यामुळेच पुरी होते.

तरीही मूर्ती टाळण्यात एक नैतिक निवड होती. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ने (१८८२) मातृभूमीला देवीरूप दिले होते, अवनींद्रनाथांच्या १९०५ च्या चित्राने तिला मुख आणि वस्त्र दिले. मुख आले की वर्ण, वेष आणि धर्म ओघानेच येतात. नकाशाला त्यांपैकी काहीच नसते. हरिजनांसह सर्व जातिधर्मांच्या लोकांना हे मंदिर समान व्यासपीठ ठरावे, अशी आशा गांधींनी उद्घाटनप्रसंगी व्यक्त केली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला होता. त्रावणकोरचा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा या उद्घाटनानंतर अठरा दिवसांनी, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी निघाला. मंदिराचे दार कोणासाठी उघडते, हा त्या काळी प्राणांतिक प्रश्न होता. मात्र ‘मंदिर’ आणि ‘माता’ हे शब्द स्वीकारताच, मूर्तीने जे आणले असते त्यातील काही अंश नामाच्या वाटेने आत आलाच. ज्यांच्या श्रद्धेला भूमीचे पूजन मान्य नाही, त्यांच्यासाठी हे व्यासपीठ निःसंकोच राहिले नाही.

काळाने या चिन्हाची आणखी परीक्षा घेतली. उद्घाटनानंतर सहा महिन्यांच्या आतच, १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळा झाला. दहा वर्षांनी फाळणी झाली. ज्या कराचीहून परतताना गुप्तांना ही कल्पना सुचली, ती कराचीही परदेशात गेली. संगमरवराची एक शिळाही हलली नाही. अर्थ मात्र हलला. वसाहतीच्या काळात ऐक्याची प्रतिज्ञा असलेला नकाशा कोणाला हानीची आठवण वाटू लागला, तर कोणाला परतफेडीची मागणी. १९८३ साली हरिद्वारला उभारलेल्या बहुमजली भारतमाता मंदिरात तर माता मूर्तिरूपातच आली.

या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट विस्मृतीत गेली. काशी ही पिढ्यान्‌पिढ्या विधवांनी मरणाची वाट पाहण्याची नगरी होती. त्याच नगरीत मातेचे जे रूप वंद्य ठरले, त्याचा पहिला नमुना पुण्याच्या विधवाश्रमात जमिनीवर होता. पूजेसाठी वाकणाऱ्याला ती माती दिसत नाही. मिथकाचे सामर्थ्य ते काय सांगते यात जितके असते, तितकेच ते काय विसरायला लावते यातही असते. चिन्हाचा इतिहास लिहावा लागतो, तो एवढ्यासाठीच.