अधिवृक्क ग्रंथीची अर्बुदे : निदान, शस्त्रकर्म आणि कर्जत-खालापूर

इ. स. १९२६ मध्ये लोझान येथे सेझार रू यांनी आणि अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी, आज फिओक्रोमोसायटोमा या नावाने ओळखले जाणारे अर्बुद यशस्वीपणे काढले. त्याच वर्षी मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. कर्जत व खालापूर या तालुक्यांना मुंबई तेव्हा दुर्गम नव्हती. १८५६ मध्येच लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला होता. परंतु रुग्णालय आवाक्यात असणे आणि रोग ओळखला जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत अर्बुदाचा इतिहास हा भेद स्पष्ट करतो.

मूत्रपिंडाच्या माथ्यावरील या लहानशा ग्रंथीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन स्रवते. तेथे गाठ झाली म्हणजे हा स्राव अवेळी व अमर्याद वाढतो. डोके दुखते, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो आणि रक्तदाब एकाएकी चढतो. झटका ओसरल्यावर रुग्ण निरोगी भासू शकतो. त्यामुळे त्याची तक्रार मनाचा खेळ ठरण्याचा संभव असतो.

१८८६ मध्ये फ्रायबुर्ग येथील फेलिक्स फ्रेंकेल यांनी अठरा वर्षांच्या तरुणीच्या दोन्ही अधिवृक्कांतील गाठींचे वर्णन केले, ते शवविच्छेदनानंतर. रक्तदाब मोजण्याचा रिव्हा-रोची यांचा पट्टा १८९६ मध्ये आला. लुडविग पिक यांनी १९१२ मध्ये अर्बुदास आजचे नाव दिले, तर १९२२ मध्ये पॅरिस येथे लाब्बे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या झटक्यांचा या अर्बुदाशी संबंध दाखविला. तरीही रू व मेयो यांना गाठीचे खरे स्वरूप शस्त्रकर्मापूर्वी ठाऊक नव्हते. आधी निदान व मग छेदन हा क्रम १९२९ मध्ये बाल्टिमोर येथे पिंकॉफ्स यांनी प्रथम साधला.

गाठीस हात लागताच स्राव उसळून रक्तदाब भडकतो आणि ती निघताच तो कोसळतो. म्हणून पुढे आधी अल्फा-रोधक औषध देऊन रक्तवाहिन्या सैल करावयाच्या, शरीरातील द्रव भरून काढावयाचा आणि मगच शस्त्र चालवावयाचे, ही रीत रूढ झाली. १९९२ मध्ये गान्ये यांनी दुर्बिणीतून अधिवृक्क काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या अर्बुदास पूर्वी सामान्यतः सौम्य म्हणत. आज मात्र ते पसरण्याची शक्यता पूर्णतः नाकारली जात नाही, म्हणून शस्त्रकर्मानंतरही देखरेख आवश्यक ठरते.

मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. ते कार्य थोरच होय. परंतु औषधाने रक्तदाब उतरला तरी गाठ नाहीशी होत नाही. रक्तदाब का चढला, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

यावरून तालुक्याच्या वैद्यकीय इतिहासाची एक दिशा सूचित होते. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या या अंतर्भागाचा आरोग्येतिहास केवळ दवाखान्यांच्या स्थापनावर्षांनी पूर्ण होणार नाही. रक्तदाबमापक खेड्यातील रुग्णाच्या दंडापर्यंत केव्हा पोहोचला आणि झटक्याच्या वेळी तो वापरणारा कोणी तेथे होता काय, हे अभ्यासकाने शोधावयास हवे. दुर्मिळ पण बरा होऊ शकणारा रोग घेऊन आलेल्या रुग्णाचे जीवित त्या एका नोंदीवर अवलंबून असते. शस्त्रवैद्याची पाळी त्यानंतर येते.