तांबडे निशाण ते रिकामे आसन : वाट कोणी द्यायची?

रस्ता ओलांडणारा माणूस आणि मोटारीचा चालक यांच्यात क्षणभर एक वाटाघाट होते. नजरेला नजर भिडते, एखादा हात वर होतो, मोटार किंचित मंदावते आणि आधी कोणी जायचे ते ठरते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा जवळजवळ बिनखर्चाचा करार होय. चालकाचे आसन रिकामे झाले की या करारातील एक पक्षच नाहीसा होतो. वाचकांपैकी जे फिनिक्स वा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतात, त्यांनी अशा चालकरहित टॅक्सी पाहिल्या असतील. यंत्र नवे आहे. प्रश्न मात्र जुना आहे. नव्या वाहनासमोर वाट कोणी द्यायची, हे शासनाला याआधीही ठरवावे लागले आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर यंत्रातून नव्हे तर नियमातून आले आहे.

पहिले उत्तर ब्रिटनचे. १८६५च्या कायद्याने स्वयंचालित वाहनांना गावात ताशी दोन मैल व गावाबाहेर चार मैल अशी वेगमर्यादा घातली. वाहनाबरोबर किमान तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने तांबडे निशाण घेऊन किमान साठ यार्ड पुढे चालावे, असा दंडक होता. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती सैल झाली व अंतर वीस यार्डांवर आले. १८९६च्या कायद्याने हलक्या मोटारींसाठी पुढे चालणाऱ्या माणसाची अटच काढून टाकली व वेगमर्यादा ताशी चौदा मैल केली. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या महिलेचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. ज्यूरीने तो अपघाती मृत्यू ठरवला. निशाणाचा कायदा आज विनोद म्हणून सांगितला जातो, आणि उद्योगाला तो जाचक होता यातही शंका नाही. तथापि त्यामागील गृहीतक विचारार्ह आहे : रस्त्यावर जो नव्याने येतो, त्यानेच इतरांना आपली सूचना द्यावी.

दुसरे उत्तर अमेरिकेने १९२०च्या दशकात दिले, आणि ते नेमके उलट होते. मोटारीखाली सापडणाऱ्यांत पादचारी, विशेषतः मुले, फार होती. सिनसिनाटी शहरात १९२३ मध्ये बेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीत ताशी पंचवीस मैलांपुढे वेग जाऊच न देणारे यंत्र बसवावे. मोटार-व्यावसायिकांनी जोरदार विरोधी प्रचार केला आणि मतदानात हा प्रस्ताव पडला. त्याच काळात ‘जेवॉकर’ हा शब्द रूढ झाला. ‘जे’ म्हणजे शहराची रीत न कळणारा गावंढळ. जो माणूस शतकानुशतके हवा तेथून रस्ता ओलांडत होता, तो आता हास्यास्पद व पुढे दंडनीय ठरला. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये केलेला वाहतूक नियम १९२८च्या नमुना नगर-नियमावलीचा आधार बनला व देशभर पोहोचला. रस्ता मोटारीचा झाला. पादचाऱ्याला ठरावीक पट्टे उरले.

हा इतिहास संपलेला नाही, याचा पुरावा १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातील टेम्पी येथे मिळाला. उबर कंपनीच्या चाचणी-मोटारीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली व ती मरण पावली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले की यंत्रणेला धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती दिसली होती. पण तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अन्य वस्तू समजून यंत्रणा निर्णय बदलत राहिली. झेब्रा पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडेल, हा विचारच तिच्या रचनेत नव्हता. नियमाने ज्याला रस्त्यावरून वजा केले होते, त्याला संगणकानेही वजा केले. खटला चालला तो चाचणी-मोटारीत बसलेल्या देखरेख-चालकावर. कंपनीवर फौजदारी कारवाई झाली नाही.

उलट दिशेचाही धोका आहे. ॲडम मिलार्ड-बॉल या नगरनियोजन-अभ्यासकाने २०१८ मध्ये मांडले की, यंत्र हमखास थांबते हे कळल्यावर पादचारी निर्धास्तपणे उतरतील व मोटारी खोळंबतील. चालकांचेही तसेच : जी मोटार कधीच पुढे घुसत नाही, तिच्यापुढे प्रत्येक जण घुसतो. अशा वेळी पादचाऱ्यांना कुंपण घाला, ही मागणी पुन्हा होईल. लक्षणीय गोष्ट अशी की कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून, तातडीचा धोका नसेल तर, पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणाऱ्याला दंड करणे थांबवले. ब्रिटनच्या २०२४च्या स्वयंचलित वाहन कायद्याने यंत्राकडून काळजीपूर्वक व सक्षम चालकाइतक्या सुरक्षिततेची अपेक्षा ठेवली आहे आणि वाहन स्वतः चालत असताना त्याच्या वर्तनाची जबाबदारी मंजुरी मिळालेल्या संस्थेवर टाकली आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदे १९१४, १९३९ व १९८८ चे. २०१९च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये पोटकलम (१अ) आले; त्यानुसार पादचाऱ्यांचा वावर व प्रवेश यांचे ‘नियमन’ करणारे नियम राज्यांनी करायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळाविरहित पदपथ हा अनुच्छेद २१ खालील हक्क मानला आणि ऑक्टोबरमध्ये हे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

‘नियमन’ हा शब्द दुधारी आहे. त्यातून १८६५ही लिहिता येते आणि १९२५ही. आपला पादचारी तळहात दाखवून वाहतूक थांबवतो, कारण अनेक ठिकाणी त्याला दुसरे साधनच दिलेले नाही. उद्या आपल्या रस्त्यांवर येणाऱ्या यंत्राला तो तळहात वाचता आला पाहिजे, अशी अट परवानगीच्या कागदावर असावी. आणि यंत्र चुकले तर उत्तरदायी कोण, हेही त्याच कागदावर आधी लिहिलेले असावे. अपघातानंतर हे ठरवायला बसले की दोष सहसा चालणाऱ्याच्याच पदरी पडतो.